बातमी, फौज आणि दप्तर : नागपूरकर भोसल्यांच्या राज्ययंत्रणेच्या अभ्यासाची प्रस्तावना

इ. स. १७६९ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी नागपूरच्या जानोजी भोसल्यांशी कनकापूर येथे जो तह केला, त्यात मुलखाची वाटणी, खंडणीची रक्कम आणि फौजेची चाकरी यांविषयींची जी कलमे आहेत त्यांकडे इतिहासकारांचे लक्ष साहजिकच गेले. परंतु त्याच तहातील एक कलम असे आहे, की ज्याचा विचार राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने सर्वांच्या आधी करावा. दिल्लीचा बादशहा, इंग्रज, रोहिले आणि अयोध्येचा नबाब यांच्याशी जानोजींनी पेशव्यांच्या अनुमतीवाचून पत्रव्यवहार करू नये, आणि ओरिसात इंग्रजांपाशी व हैदराबादेस निजामापाशी त्यांचे वकील राहिलेच तर त्यांनी केवळ महसुली कामापुरतेच बोलावे, असा त्या कलमाचा आशय आहे. तलवार किती बाळगावी यावर बंधन घालणारे तह जगात पुष्कळ झाले. परंतु कोणाकडून कोणती बातमी घ्यावी आणि कोणाच्या कानी कोणती बातमी घालावी, यावर बंधन घालणारा तह ज्या दरबारात लिहिला गेला, त्या दरबाराला राज्य म्हणजे काय याची जाण फार खोलवर होती, असेच म्हणावे लागते.

प्रस्तुत संग्रहाचा विषय याच जाणिवेचा उदय, विस्तार आणि अस्त हा आहे. राज्याला बातमी आणून देणारे जासूद, हरकारे, वकील आणि अखबारनवीस; राज्याच्या वतीने शस्त्र धरणारे बारगीर, शिलेदार, गारदी आणि गडकरी; आणि या दोहोंवर तसेच बाजारपेठ, जकात, वजनमाप, वसुली यांवर नजर ठेवून त्यांची नोंद करणारे फडणीस, सबनीस, बरारपांडे, कोतवाल आणि कमाविसदार, असे तीन समुदाय नागपूर राज्यात सुमारे सव्वाशे वर्षे वावरले, आणि त्यांच्या परस्परसंबंधांवरच त्या राज्याचे भाग्य अवलंबून राहिले. आजच्या परिभाषेत ज्यांना गुप्तवार्ता संस्था, सैन्यदल आणि नियामक यंत्रणा म्हणतात, त्यांचेच हे पूर्वज होत. त्यांचा स्वतंत्र अभ्यास मात्र मराठीत फारसा झालेला नाही. लढायांची वर्णने आपण आवडीने वाचली, पण लढाईच्या आदल्या रात्री छावणीत कोणता कागद येऊन पोहोचला आणि कोणता आलाच नाही, हे विचारण्याची सवय आपल्याला लागली नाही.

या विचाराची प्राचीन परंपरा येथे थोडक्यात सांगितली तरी पुरे. एकाच ठिकाणी बसून बातमी मिळविणारे ‘संस्था’ आणि फिरते ‘संचार’ असा हेरांचा विभाग कौटिल्याने केला, आणि परस्परांना न ओळखणाऱ्या तीन हेरांच्या सांगण्यात मेळ बसल्यावाचून बातमीवर विश्वास ठेवू नये असे बजावले. परंतु कौटिल्याचे अर्थशास्त्र विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरला सापडेपर्यंत कित्येक शतके अभ्यासकांच्या दृष्टीआडच होते, आणि मराठ्यांच्या कारभाऱ्यांनी ते समोर ठेवून आपली व्यवस्था रचली असे मानण्यास काही आधार नाही. ते जे शिकले ते निजामशाही-आदिलशाहीच्या दप्तरांतून आणि स्वतःच्या अनुभवातून.

शिवछत्रपतींच्या व्यवस्थेकडे वळल्यावर मात्र सावकाश थांबले पाहिजे, कारण पुढच्या सर्व गोष्टींचे बीज येथे आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीपूर्वी बहिर्जी नाईक जासुदाने त्या शहराची माहिती आणून दिली, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. परंतु बहिर्जीच्या धाडसाइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी, की अष्टप्रधानांत राजाच्या दैनंदिन वृत्तान्ताची आणि अंतर्गत वर्तमानाची काळजी वाहणारा मंत्री म्हणजे वाकनीस हा एक अधिकारी होता, परराज्यांचे वर्तमान व वकील सांभाळणारा सुमंत म्हणजे डबीर हा दुसरा, आणि फौजेचा धनी सेनापती म्हणजे सरनोबत हा तिसरा. बातमी, बोलणी आणि शस्त्र ही तिन्ही कामे एका माणसाच्या हाती एकवटू दिलेली नाहीत. हीच दृष्टी किल्ल्यांच्या बंदोबस्तात अधिक स्पष्ट दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली, तीत गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे सारख्या योग्यतेचे कामगार नेमण्याची रीत वर्णिली आहे. शिबंदीचा हुकूम एकाकडे, हजिरी व हिशेब दुसऱ्याकडे, पहाऱ्याची जबाबदारी तिसऱ्याकडे, आणि कोठाराचा कारखानीस निराळाच. एकाला फितूर करून गड घेता येऊ नये, इतकाच याचा हेतू नव्हता. जो शस्त्र बाळगतो त्याच्या शस्त्राची नोंद दुसऱ्याने ठेवावी, आणि जो नोंद ठेवतो त्याच्या हाती शस्त्र नसावे, हा त्यामागचा नियम होय. आणि माझ्या मते मराठी राज्यकर्तृत्वाची ही सर्वांत मौल्यवान देणगी आहे.

फौजेलाही हा नियम लागू होता. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, अशी जी उतरंड सभासदाने सांगितली आहे ती सर्वपरिचित आहे. स्वारीस निघताना प्रत्येक शिपायाजवळ काय आहे याचा झाडा घ्यावा आणि परतल्यावर तो ताडून पाहून अधिक निघाल्यास सरकारजमा करावे, ही तरतूद मात्र तितकी सांगितली जात नाही. १६७३ च्या मे महिन्यात चिपळूणजवळील छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी जे पत्र धाडले, त्यात पावसाळ्याचे दाणागवत जपून वापरण्यापासून दिव्याच्या जळत्या वातीपर्यंत आणि रयतेच्या भाजीपाल्यापर्यंत सर्व बाबतींत सैन्याला शिस्त लावण्याचा जो आग्रह आहे, तो पाहिला म्हणजे नियमन हे सैन्याच्या पाठीमागून येणारे काम नसून सैन्याच्या आधी जाणारे काम आहे, असे त्या राजाला वाटत होते याविषयी संदेह राहत नाही.

पेशवाईत राज्याचा विस्तार झाला, आणि विस्तारासरशी ही बंधने एका बाजूने अधिक रेखीव व दुसऱ्या बाजूने अधिक सैल झाली. रेखीव अशी, की प्रांतोप्रांती मामलेदाराबरोबर दिवाण, मजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस अशा दरखदारांची नेमणूक झाली, ज्यांना मामलेदाराने काढू नये, ज्यांच्या निशाणीवाचून कागद पुरा होऊ नये, आणि ज्यांनी मामलेदाराच्या गैरवर्तनाची खबर हुजुरास कळवावी. सैल अशी, की हे दरख वंशपरंपरेने चालू लागले, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याशीच नजर ठेवणाऱ्याचे सख्य जमू लागले. पुण्यात १७६४ मध्ये बाळाजी नारायण केतकर यांना कोतवाल नेमल्यापासून बाजारभाव, वजनमापे, गस्त आणि आल्यागेल्याची चौकशी ही कामे एका कचेरीत आली. आणि त्याच कचेरीवर १७७७ पासून बसलेल्या घाशीराम कोतवालाच्या कैदेत १७९१ मध्ये तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा शहर खवळून उठले आणि त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. या प्रसंगाचे नाटक पुष्कळ झाले. परंतु चौकशी करण्याचा, अटक करण्याचा आणि दंड करण्याचा अधिकार एका हाती देऊन त्याच्यावर चौदा वर्षे दप्तराची नजर का राहिली नाही, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

बातमीच्या बाबतीत मात्र पेशव्यांच्या दरबाराने उच्च कोटीचे यश मिळविले. दिल्लीस हिंगण्यांचे घराणे, हैदराबादेस गोविंदराव काळे, कलकत्त्यास लाला सेवकराम, अशा वकिलांच्या पत्रांतून नाना फडणीसांपाशी अखंड हिंदुस्थानची हकीकत येत असे. तथापि सरकारी बातमीपेक्षा सावकारी बातमी कधी कधी अधिक वेगवान ठरे, हेही खरे. १७६१ च्या जानेवारीत नर्मदा उतरून उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना पानिपतचा अनर्थ कळला तो एका सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेतून, असे परंपरा सांगते.

आता नागपूरकडे येऊ. पहिल्या रघुजी भोसल्यांनी देवगडच्या गोंड घराण्यातील कलहात हात घालून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा मुलूख आपल्या अमलाखाली आणला, आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील परगण्यांबरोबर आजच्या भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-तुमसरकडचा हा प्रदेशही सेनासाहेबसुभा म्हणविणाऱ्या भोसल्यांच्या छत्राखाली आला. ज्या आंधळगावी बसून मी हे लिहीत आहे, ते विणकरांचे गाव. आणि विणकरांच्या गावाला राज्याचे दर्शन तलवारीच्या रूपाने क्वचितच होते, ते बहुधा कराच्या रूपाने होते. शेती न करणाऱ्या विणकर, व्यापारी, कारागीर यांच्यावर भोसल्यांच्या अमलात पांढरी नावाचा कर बसत असे, आणि इंग्रजी अमलातही तो कित्येक दशके चालू राहिला. कोणाच्या घरी किती माग चालतात, कोणाचा धंदा वाढला, कोणाचा बुडाला, ही माहिती पाटील-पांड्यांकडून कमाविसदाराकडे आणि कमाविसदाराकडून नागपूरच्या दप्तरात जात असे. तेव्हा रयतेच्या दृष्टीने पाहिल्यास वसुलीची कचेरी हीच राज्याची पहिली आणि सर्वांत जवळची बातमीयंत्रणा होती, असे मला वाटते. या संग्रहाच्या वाचकाने हे सूत्र विसरू नये. हेर रात्री येतो असे आपण समजतो. परंतु रयतेच्या घरात डोकावणारा सरकारचा डोळा दिवसाढवळ्या, वहीवर बोट ठेवून येत होता.

उत्तरेस तुमसरच्या बाजूला अंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्तबुलंद राजाच्या अमदानीत राजाखान पठाणाने तो बांधला, आणि भोसल्यांनी त्याचा उपयोग बंदिखान्यासारखा केला. तेथील विहिरीचे साचलेले पाणी पाजून कैद्यांचा अंत करीत, अशी आख्यायिका या भागात चालत आली आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा कागदांनी ठरवावा. पण दरबारच्या मर्जीतून उतरलेला माणूस कोठे जातो, याविषयी लोकांच्या मनात जी समजूत घर करून बसते ती राज्ययंत्रणेचाच एक भाग असते, आणि संग्रहातील लेखकांनी अशा समजुतींनाही साक्षीदारांच्या रांगेत बसविले आहे, हे मला योग्य वाटते.

नागपूरच्या दरबारात फडणीस, चिटणीस, मुनशी आणि बरारपांडे हे प्रमुख दरखदार होते. पैकी बरारपांड्याकडे जमिनीचे व पिकाचे दप्तर असे. ही पदे आज आडनावे होऊन बसली आहेत, आणि नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांची नावे वाचीत हिंडणाऱ्याला त्या राज्याची सगळी कचेरी अजून भेटते. पण या दरबाराचा खरा मोहरा म्हणजे दिवाकरपंत चोरघडे, ज्यांना लोक देवाजीपंत म्हणत आणि मराठेशाहीच्या साडेतीन शहाण्यांत ज्यांची गणना होते. १७६३ मध्ये जानोजी निजामाच्या बाजूने पुण्यावर चालून गेले, आणि त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईच्या तोंडावर बत्तीस लक्षांच्या मुलखाच्या आश्वासनावर ते निजामाला सोडून बाजूला झाले. या दोन्ही उलाढालींच्या मसलतीत दिवाकरपंत होते. नीतीच्या दृष्टीने या वर्तनाचा निवाडा कोणीही करावा. राज्ययंत्रणेच्या दृष्टीने मात्र येथे एक धोका जन्म पावला. बातमी आणि बोलणी ही दोन्ही एका बुद्धिमान माणसाच्या घरी राहू लागली, आणि सेनापतीला किंवा दप्तराला त्याची पडताळणी करण्याचा मार्ग उरला नाही.

त्या धोक्याचे फळ १७८१ मध्ये दिसले. नाना फडणीसांनी निजाम, हैदर आणि भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणून जी मसलत उभारली, तीत बंगालवर चालून जाण्याचे काम नागपूरकडे होते. आणि जानोजींचे बंधू मुधोजी यांचे पुत्र चिमणाबापू सुमारे तीस हजार फौजेनिशी ओरिसात कटकेपर्यंत गेलेही. परंतु ही फौज जात असतानाच नागपूरचा कलकत्त्याचा वकील बेनीराम पंडित वॉरन हेस्टिंग्जच्या विश्वासातला होऊन बसला होता. नागपूरकडून गव्हर्नर जनरलला दिलासे जात होते, आणि अखेरीस तेरा लक्ष रुपये रोख व दहा लक्ष कर्ज यांवर ती मोहीम गुंडाळली गेली. त्याच वर्षी काशीत चेतसिंगाचा उठाव होऊन हेस्टिंग्ज चुनारच्या किल्ल्यात अडकला, तेव्हा त्याला पैशाची मदत देऊ करणारा माणूसही हाच बेनीराम होता. कनकापूरच्या तहातील ते कलम बारा वर्षांत कसे विरून गेले हे पाहायचे असेल, तर बंगालच्या या अर्धवट स्वारीएवढे बोलके उदाहरण दुसरे नाही. वकील ज्या दरबाराची बातमी आणावयास गेला, त्याच दरबाराची बातमी तो स्वतः होऊन बसला. आणि तीस हजारांची फौज, जिच्यात लढण्याची हिंमत नव्हती असे कोणीच म्हणणार नाही, ती एका खाजगी पत्रव्यवहाराची ओलीस ठरली.

पुढचा इतिहास उताराचा आहे. १८०३ मध्ये असई आणि अडगाव येथे पराभव झाला, गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबर रोजी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजींना कटक व वऱ्हाडचा पश्चिम भाग सोडावा लागला. त्या तहाबरोबर नागपुरात इंग्रज रेसिडेंट कायमचा येऊन बसला. एल्फिन्स्टन आणि त्याच्यामागून रिचर्ड जेन्किन्स, या दोघांनी दरबारातील हकीकत मिळविण्याची जी पद्धत लावली ती आपल्या जुन्या पद्धतीहून मुळात निराळी नव्हती. तेच हरकारे, तेच अखबारनवीस, तेच मुनशी. फरक एवढाच, की रेसिडेन्सीत आलेली प्रत्येक बातमी तारीखवार नोंदली जाई, तिची नक्कल कलकत्त्यास जाई, आणि एक रेसिडेंट बदलून दुसरा आला तरी ती दप्तरात जशीच्या तशी सापडे. इकडे मुलूख गमावल्यावर दुसऱ्या रघुजींनी पैसा साठविण्याचा असा सोस धरला की शिपायांचा पगार थकू लागला आणि रयतेवरील कर वाढत गेले. ज्या राज्याची फौज उपाशी आणि रयत नाराज, त्या राज्यात बातमी विकत घेणाऱ्याला विकणारा शोधावा लागत नाही.

१८१६ मध्ये दुसरे रघुजी वारले आणि त्यांचे दुबळे पुत्र परसोजी यांच्या नावाने कारभार पाहणाऱ्या आप्पासाहेबांनी २७ मे रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, तो दरबारातील बहुतेकांपासून लपवून. जो तह स्वतःच्या फडणिसाला आणि सेनापतीला कळू नये अशी काळजी घ्यावी लागते, तो करणाऱ्याने आपल्या राज्यातील एकमेकांवर पहारा देणारी माणसे स्वतःच्याच हाताने दूर केलेली असतात. पुढील वर्षी परसोजी मारले गेले, आप्पासाहेब गादीवर आले, २४ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे समारंभाने स्वीकारली, आणि २६ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या. आप्पासाहेबांकडील फौज कित्येक पटींनी मोठी होती, अरब तर प्राणांची पर्वा न करता लढले; परंतु जेन्किन्सला हल्ल्याची पूर्वकल्पना होती, टेकड्या त्याने वेळेवर व्यापल्या होत्या, आणि २७ च्या सकाळी इंग्रजांकडील फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनी पारडे फिरविले. या लढाईत कोणी शौर्य दाखविले हे सांगताना कोणाला काय आधी ठाऊक होते हे सांगितले नाही, तर हकीकत अर्धीच राहते.

यानंतर अरब डिसेंबरअखेरपर्यंत शहर लढवीत राहिले, वैनगंगेकडे कामठ्याच्या चिमणा पाटलाने १८१८ मध्ये उठाव केला, कैदेतील आप्पासाहेब इंग्रजी पलटणीतीलच शिपायांच्या साह्याने वेषांतर करून निसटले, आणि जेन्किन्सने अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने राज्य चालविताना प्रांतोप्रांती इंग्रज अधिकारी नेमले. भंडारा हे वैनगंगा जिल्ह्याचे ठाणे झाले ते याच काळात, १८२० च्या सुमारास. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले.

या इतिहासाचे लेखन कसकसे होत गेले, हे नव्या वाचकास सांगणे अवश्य आहे, कारण लेखनाच्या प्रत्येक परंपरेला स्वतःचा एक कल आहे. पहिली परंपरा बखरींची. नागपूरकर भोसल्यांची काशीराव राजेश्वर गुप्त्यांची बखर तीत मुख्य, आणि ती जेन्किन्सच्या सांगण्यावरून तयार झाली ही गोष्ट तिच्या प्रत्येक पानामागे उभी असते. दुसरी परंपरा कंपनीच्या अधिकाऱ्यांची. १८२६ चा ग्रँट डफचा इतिहास आणि १८२७ चा जेन्किन्सचा नागपूर मुलखावरील अहवाल हे तिचे आधारस्तंभ होत. जेन्किन्सच्या अहवालाइतकी बारीक माहिती कोठेच नाही, हे कृतज्ञतेने मान्य करावे; परंतु ज्या राज्याला आपण खिळखिळे केले त्याची व्यवस्था मुळातच खिळखिळी होती असे दाखविण्यात त्या ग्रंथकाराचे हित होते, हेही विसरू नये. तिसरी परंपरा आपल्या कागदशोधकांची. १८९८ पासून राजवाड्यांनी साधनांचे खंड काढले, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तर उलगडले, पारसनिसांनी दिल्लीच्या वकिलांची राजकारणे छापली, सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादिले, आणि नागपूरच्या बाबतीत यादव माधव काळे यांनी ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ मध्ये लिहून या भागाचे ऋण फेडले. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांची मुलकी व लष्करी व्यवस्था दोन इंग्रजी ग्रंथांत मांडली, ती अशाच कागदांच्या बळावर. राजवाड्यांच्या पंथाचा दोष असला तर तो हा, की कागद मिळविण्याच्या तळमळीत कागद का लिहिला गेला हा प्रश्न मागे राहिला. चौथी परंपरा अलीकडची, आणि ती हाच प्रश्न पुढे आणते. आंद्रे विंकने फितव्याला राज्यव्यवहाराचेच एक अंग मानले, क्रिस्तोफर बेलीने कंपनीचे साम्राज्य बातमीच्या जाळ्यावर कसे उभे राहिले ते १९९६ च्या ग्रंथात दाखविले, आणि प्राची देशपांडे यांनी मोडी लिहिणाऱ्या कारकुनांच्या जगाकडे लक्ष वेधले. विंकच्या प्रतिपादनाशी मी पूर्णतः सहमत नाही. फितवा नित्याचा होता म्हणून तो निरुपद्रवी होता असे होत नाही, आणि नागपूरच्या राज्याने त्याची किंमत रोख मोजली.

हा विषय आजच का हाती घ्यावा, असे कोणी विचारील. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर जो हल्ला झाला त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीपुढे जे आले ते हेच, की इशारे येऊन पोहोचले होते, परंतु ते एकत्र जुळवून त्यांचा अर्थ लावणारी व योग्य हाताकडे पोहोचविणारी व्यवस्था पुरेशी नव्हती. आपल्या देशाच्या मुख्य गुप्तवार्ता संस्थेचे मूळ १८८७ च्या इंग्रजी कचेरीत आहे, आणि परदेशांची बातमी पाहणारी संस्था १९६८ मध्ये तिच्यातून वेगळी झाली; पण या दोन्ही संस्थांचे अधिकार व मर्यादा ठरविणारा, संसदेच्या समितीपुढे त्यांना उत्तर द्यावयास लावणारा कायदा अद्यापि झालेला नाही. दक्षिण आफ्रिकेने याबाबतीत काय केले ते पाहण्यासारखे आहे. वर्णभेदी राजवटीत तेथे गुप्तवार्ता, सैन्य आणि पोलीस एकाच सुरक्षा-मंडळाच्या मुठीत गेले होते; लष्कराच्या आत उघडकीस न येणारी पथके तयार होऊन विरोधकांचे खून पाडीत होती. म्हणून १९९६ च्या संविधानात त्या देशाने सुरक्षासेवांचे एक स्वतंत्र प्रकरणच घातले, संसदेची देखरेख बंधनकारक केली, आणि गुप्तवार्ता संस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या मुलकी निरीक्षकाची तरतूद केली. तरीही २००९ मध्ये देशांतर्गत आणि परदेशी अशा दोन्ही शाखा एका संस्थेत विलीन झाल्या, आणि २०१८ मध्ये सिडनी मुफामादी यांच्या अध्यक्षतेखालील समितीला असे आढळले की ती संस्था सत्ताधारी पक्षातील एका गटाच्या उपयोगी पडू लागली होती. या शाखा पुन्हा विभक्त कराव्यात अशी शिफारस तिने केली. केप टाऊनच्या संसदेत यावर झालेला वाद वाचताना मला गडावरील हवालदार आणि सबनीस यांची वारंवार आठवण झाली, आणि हे साम्य मी ओढूनताणून आणलेले नाही. अधिकार विभागण्याची गरज मनुष्यस्वभावातून येते, आणि तो स्वभाव रायगडावर व केप टाऊनला एकच आहे.

प्रस्तुत संग्रहाने काय साधण्याचा यत्न केला आहे, याविषयी दोन शब्द लिहितो. यातील लेखकांनी लढाया आणि राजांचे चरित्र ही मांडणी बाजूला ठेवून कागदाच्या प्रवासाचा माग घेतला आहे; एक बातमी कोठे निपजली, कोणी वाहिली, कोठे अडली, कोणी तिची नक्कल केली, आणि तिच्यावरून कोणता हुकूम सुटला. फौजेकडे त्यांनी शौर्याच्या बाजूने पाहण्याऐवजी हजिरीपट आणि थकलेल्या पगाराच्या बाजूने पाहिले आहे. महसूल आणि जकातीच्या कचेऱ्यांना त्यांनी मुलकी कारभाराच्या कंटाळवाण्या प्रकरणात न कोंबता राज्याच्या ज्ञानेंद्रियांत स्थान दिले आहे, आणि हा त्यांचा सर्वांत स्वागतार्ह निर्णय होय. इंग्रजी रेसिडेन्सीचे कागद व मोडी दप्तर यांचा ताळा घालण्याचा आग्रह सर्वत्र आहे. जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे लेखकांनी घाईने एकाच्या बाजूने कौल दिलेला नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जासुदांची आणि हरकाऱ्यांची नावे कागदांत क्वचित येतात, त्यांची जात, त्यांचा मुशाहिरा, त्यांची कुटुंबे यांविषयी तर जवळजवळ शून्य; ज्यांच्या पायांवर हे राज्य चालले त्यांचा इतिहास अजून लिहावयाचा आहे. भोसल्यांच्या वाड्यातील स्त्रियांनी, विशेषतः वारसाच्या तंट्यांत, बातमी आणि पैसा यांच्यावर जो ताबा ठेवला, त्याला येथे मिळाली आहे त्याहून अधिक जागा हवी होती. गोंड जमीनदार आणि जंगलपट्टीतील रयत यांच्याकडून राज्य कसे दिसले असेल हा प्रश्न उपस्थित केला आहे, पण त्याचे उत्तर कागदांत नाही आणि ते अन्य मार्गांनी शोधावे लागेल. छत्तीसगड व संबळपूरकडील अंमल कितपत वेगळा होता, हेही नव्या अभ्यासकासाठी मोकळे रान आहे.

आणि एक विनंती, जी प्रस्तावनाकार म्हणून नव्हे तर या जिल्ह्याचा रहिवासी म्हणून करतो. भंडारा, पवनी, मोहाडी, तुमसर, साकोली या भागांतील पुष्कळ जुन्या पाटील-पांडे घराण्यांकडे मोडी कागदांचे रुमाल अजून आहेत. वतनाच्या दाव्याची भीती आता उरलेली नाही, आणि ते रुमाल उघडून दाखविण्यात कोणाची काही हानी नाही. वसुलीच्या यादीत आपल्या पणजोबांचे नाव थकबाकीदार म्हणून निघाले तरी कुणी संकोचू नये. असे कागद ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते धुऊन-पुसून साफ करण्याच्या भरीस न पडता, आहेत त्याच क्रमाने, बांधलेल्या त्याच दोरीसह एखाद्या जाणत्या मोडीवाचकाला दाखवावेत. कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी बांधला होता, यावरूनही त्या कचेरीत काम कसे चालत होते ते कळते.

आंधळगाव, जि. भंडारा